कोडिंग कधी शिकवलं नाही, तरी शाळेत सुरू कसं करावं: सीमाभागातल्या शिक्षकांसाठी पहिल्या वर्षाची वाट

सीमाभागातल्या, म्हणजे कर्नाटकातल्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या, बऱ्याच मराठी शाळांत संगणकाची एक खोली असते. देणगीतून आलेले चार-सहा संगणक, त्यांवर प्लॅस्टिकचं आवरण आणि किल्ली हेडमास्तरांच्या ड्रॉवरमध्ये. बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला काही माहिती पाठवायची असली की त्यातला एखादा उघडतो, काम झालं की पुन्हा झाकला जातो. या खोलीत मुलांना कोडिंग, म्हणजे संगणकाला क्रमाने आज्ञा देऊन काम करून घेणं, शिकवायचं असं कधीतरी ठरतं आणि काम गणिताच्या किंवा विज्ञानाच्या शिक्षकाच्या गळ्यात पडतं. तुमच्या गळ्यात पडलं असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पहिल्या वर्षाला कोडिंगमध्ये मुरलेला माणूस लागत नाही. प्रोग्रॅम बरोबर चालला की नाही, हे संगणक तिथल्या तिथे दाखवतो. तो निवाडा तुमच्याकडे नसतोच. तुम्ही एकच प्रश्न वर्षभर धरून ठेवायचा. मूल बटण दाबायला गेलं की म्हणायचं, "थांब. काय होईल ते आधी सांग." इंग्लंडमधल्या संगणक-शिक्षणाच्या अभ्यासक स्यू सेन्टन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच धर्तीवर 'प्रिम' नावाची पद्धत मांडली आहे: आधी अंदाज, मग चालवून बघणं, मग तपासणं, मग त्यात बदल, आणि सगळ्यांत शेवटी स्वतःचं काही बनवणं. आपल्याकडे बहुतेक जण शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात आणि तिसऱ्या तासाला मुलं कंटाळली म्हणून सोडून देतात.

कोणाला, कधी, किती

प्राथमिक शाळा असेल तर सहावी-सातवी, हायस्कूल असेल तर आठवी-नववी. दहावीला हात लावू नका; एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या बोर्ड परीक्षेच्या, वर्षात पालक ऐकणार नाहीत आणि त्यांचं चुकतही नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासूनच्या टप्प्यात कोडिंगचा उल्लेख आहे; कर्नाटकाने नंतर स्वतःच्या राज्य शिक्षण धोरणाची वाट धरली. वरून परिपत्रक येईल तेव्हा येवो, आठवड्यातला एक तास द्यायला हेडमास्तरांची संमती आणि एसडीएमसीच्या (शाळेच्या पालक समितीच्या) बैठकीत दोन वाक्यं पुरतात.

शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावरचा एक तास सगळ्यांत सोयीचा. वीस-चोवीस मुलांपेक्षा जास्त घेऊ नका. हुशार मुलं निवडून घेण्याचा मोह होईल, तो टाळा. गणितात मागे पडलेलं एखादं मूल इथे पुढे गेलेलं दिसतं, कारण इथे चुकलं तरी लाल शाई नाही आणि पुन्हा करून बघायला कोणाची परवानगी लागत नाही.

वर्षाची आखणी पावसाकडे बघून करा. जून-जुलैत खानापूरच्या पश्चिमेकडे, कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला, शाळांना पावसाची सुट्टी मिळते आणि करंट कधी जाईल याचा नेम नसतो. म्हणून सुरुवातीचे तास संगणकाविना. ऑगस्टपासून स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचं मुलांचं साधन. दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत चित्रं आणि खेळ, दिवाळीनंतर मुलांचे स्वतःचे प्रोग्रॅम. फेब्रुवारीत परीक्षेचं वातावरण सुरू होतं, तिथे थांबायचं.

तुमची स्वतःची तयारी

आठवडाभर रोज अर्धा-पाऊण तास काढा. स्क्रॅच हा मोफत प्रोग्रॅम संगणकावर घ्या. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझ्निक यांच्या गटाने तो तयार केला आणि २००७ साली सर्वांसाठी खुला केला. यात आज्ञा टाइप कराव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे ओढून एकाखाली एक जोडायचे असतात. चुकीच्या जागी ठोकळा बसतच नाही, त्यामुळे स्पेलिंगच्या आणि स्वल्पविरामाच्या चुका मुळातच होत नाहीत. इंग्रजी कच्चं असलेल्या मुलाला याचा किती आधार होतो ते पहिल्याच तासात कळेल.

घेताना इंटरनेटशिवाय चालणारी आवृत्तीच घ्या. तिला विंडोज १० किंवा त्यापुढचं लागतं. संगणक त्याहून जुना असेल तर स्क्रॅच १.४ ही जुनी आवृत्ती घ्या, पहिल्या वर्षापुरतं तिच्यात पुष्कळ आहे. लिनक्स असेल तर टर्बोवॉर्प नावाचा स्क्रॅचसारखाच मोफत प्रोग्रॅम चालतो. मोबाईलवर करू म्हणाल तर नको. छोट्या पडद्यावर ठोकळे ओढताना बोट चुकतं आणि सगळा तास त्यातच जातो.

मग पाच गोष्टी स्वतः करून बघा: मांजर चालवणं, चौकोन काढणं, त्रिकोण काढणं, नाव विचारून उत्तर देणं आणि आकडा ओळखण्याचा खेळ. तुम्ही कुठे अडलात ते वहीत टिपून ठेवा. मुलं नेमकी तिथेच अडतात, तेव्हा ती वही कुठल्याही पुस्तकापेक्षा कामाला येते. याहून जास्त तयारी करू नका. फार पुढे गेलेला शिक्षक उत्तर द्यायची घाई करतो.

इंटरनेट असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे व्हिडिओ उतरवून ठेवा, मोफत सॉफ्टवेअरवरचे त्यांचे धडे मराठीतही आहेत. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातून सुरू झालेला 'सीएस अनप्लग्ड' हा संगणकाविना संगणकशास्त्र शिकवण्याचा उपक्रमही मोफत आहे. खाली पत्त्यांचा जो खेळ दिला आहे तो मूळचा तिथला.

पहिले तीन तास: संगणक बंद

पहिला तास 'रोबो सर' किंवा 'रोबो बाई'. तुम्ही फळ्याजवळ उभे राहायचं. दाराजवळच्या बाकावर डस्टर ठेवायचा. मुलांनी आज्ञा देऊन तुम्हाला डस्टरपर्यंत न्यायचं. रोबोला चारच आज्ञा कळतात: एक पाऊल पुढे, उजवीकडे वळ, डावीकडे वळ, उचल. 'जरा तिकडं जावा की सर' असं कोणी म्हटलं तर ढिम्म उभं राहायचं. 'पुढे चला' म्हटलं तरीही ढिम्म, कारण ही आज्ञा यादीत नाही. पुढे बाक असताना 'एक पाऊल पुढे' आलं तर बाकावर खरोखर आपटायचं. वर्ग हसतो, आणि यंत्राला स्वतःची अक्कल नसते हे न सांगता पोचतं.

थोड्या वेळाने मुलांना वैताग येतो: सात वेळा 'एक पाऊल पुढे' कोण म्हणणार? तेव्हा फळ्यावर पाचवी आज्ञा लिहा: 'पुन्हा कर ७ वेळा'. मग बाकाची जागा बदला. आता आधीच्या आज्ञा चालत नाहीत, तर सहावी आज्ञा हवी: 'समोर बाक असेल तर वळ'. पुनरावृत्ती आणि अट, दोन्ही कल्पना मुलांच्या गरजेतून आल्या पाहिजेत. तुम्ही आधीच फळ्यावर लिहून ठेवल्यात तर तो नुसता पाठांतराचा धडा होईल.

सीमाभागात हा खेळ आणखी रंगवता येतो. दुसऱ्या फेरीत जाहीर करा की आजचा रोबो फक्त कन्नड जाणतो. त्याला 'मुंदे नडे', 'बलक्के तिरुगु', 'एडक्के तिरुगु' एवढंच कळतं. शाळेत कन्नड शिकणाऱ्या आपल्या मुलांना हे शब्द येतातच. 'मुंदे'च्या जागी कोणी मराठीत 'पुढे' म्हणालं की रोबो थांबला. आज्ञेचा अर्थ तोच असूनही यंत्राला ती ठरलेल्या शब्दांतच लागते, ही प्रोग्रॅमिंग भाषेची अख्खी शिस्त मुलांना पाच मिनिटांत समजते. आवारात कन्नड माध्यमाचे वर्ग असतील तर ती मुलंही या तासाला बोलवा. आमच्याकडे सगळ्यांत बिनचूक आज्ञा बऱ्याचदा तीच देतात आणि मराठी पोरं ईर्ष्येने कन्नड सुधारतात.

दुसरा तास पत्त्यांचा. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूची पाच मोठी कार्डं करा. त्यांवर डावीकडून १६, ८, ४, २ आणि १ असे ठिपके काढा. पाच मुलं ओळीत उभी. कार्ड समोर म्हणजे १, पाठमोरं म्हणजे ०. आता २२ दाखवा म्हणायचं. मुलं आपापसांत ठरवतात: १६ हवं, ८ नको, ४ हवं, २ हवं, १ नको. म्हणजे १०११०. सगळी कार्डं समोर केली तर ३१. आणि महिन्याच्या तारखा ३१च्या पुढे जात नाहीत, म्हणून प्रत्येकाने आपल्या वाढदिवसाची तारीख या पाच कार्डांवर दाखवायची. एकाही मुलाची तारीख बाहेर राहत नाही. सहावं कार्ड आलं तर त्यावर किती ठिपके, हे विचारून तास संपवा, उत्तर सांगू नका.

तिसऱ्या तासाला १ ते १०० मधला एक आकडा मनात धरा. मुलांनी ओळखायचा, तुम्ही 'मोठा' किंवा 'लहान' एवढंच म्हणायचं. आधी मुलं अंदाधुंद आकडे फेकतात. नंतर कोणीतरी ५० म्हणतं. दर वेळी मधला आकडा विचारला तर कोणताही आकडा जास्तीत जास्त ७ प्रश्नांत सापडतो, कारण दोनची सातवी घात १२८ होते आणि ती १००च्या पुढची आहे. हा खेळ जपून ठेवा. तो पुढे स्क्रॅचमध्ये आणि पायथन या टाइप करून लिहायच्या प्रोग्रॅमिंग भाषेत पुन्हा येणार आहे, आणि ओळखीचा खेळ नव्या जागी लिहिताना मुलांना फक्त नव्या गोष्टीकडे लक्ष द्यावं लागतं.

स्क्रॅच: चौकोन सोपा, त्रिकोण अवघड

स्क्रॅच उघडलं की डावीकडे ठोकळे, मधे जोडायची जागा आणि उजवीकडे पांढऱ्या रंगमंचावर एक मांजर दिसते. तो रंगमंच ४८० रुंद आणि ३६० उंच आहे आणि त्याचा मध्य शून्य-शून्य. म्हणजे आडवं माप उणे २४० ते २४०, उभं माप उणे १८० ते १८०. गणित शिकवणाऱ्याने इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: स्क्रॅचमध्ये वरची दिशा शून्य अंश आणि उजवीकडची ९० अंश. वहीत आपण उजवीकडून मोजायला सुरुवात करतो. इथे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, वरून. आधी माहीत नसेल तर वर्गासमोर गोंधळ उडतो.

ठोकळे इंग्रजीतच ठेवा, असं माझं मत आहे. शब्द मोजके आहेत: मूव्ह, टर्न, रिपीट, इफ, से, वेट. भिंतीवर एक तक्ता लावा, शब्दासमोर मराठी अर्थ आणि ठोकळ्याचा रंग. पण बोलणं सगळं मराठीत, आणि मांजर जे बोलते तेही देवनागरीत. विंडोज १० मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड मिळतो, त्यात इंग्रजी अक्षरांवरून मराठी टाइप होतं. 'काय रे, जेवलास का?' हे मांजरीच्या तोंडून आलं की वर्गात जो कल्ला होतो त्याला पाच मिनिटं द्या.

मग पेनाचे ठोकळे खाली डाव्या कोपऱ्यातल्या बटणातून घ्या आणि चौकोन. फळ्यावर असं लिहा (हिरवा झेंडा म्हणजे प्रोग्रॅम सुरू करायचं बटण):

हिरवा झेंडा दाबल्यावर
सगळं पुसून टाक
शून्य-शून्य या जागी जा
९० अंशांकडे तोंड कर
पेन टेकव
पुन्हा कर ४ वेळा: १०० पावलं चाल, ९० अंश वळ, १ सेकंद थांब

मधल्या ओळी गाळल्या तर पहिल्याच दिवशी गडबड होते. 'पुसून टाक' नसेल तर जुन्या रेघा राहतात, 'या जागी जा' नसेल तर आधीच्या फेरीत कुठेतरी गेलेली मांजर तिथूनच सुरू करते. 'थांब' नसेल तर चौकोन डोळ्याचं पातं लवायच्या आत उमटतो आणि मुलांना वाटतं चित्र कुठूनतरी आयतं आलं. झेंडा दाबण्याआधी प्रत्येक जोडीने कागदावर अंदाज काढायचा. अंदाज नसेल तर झेंडा नाही, हा नियम कडक ठेवा.

आता त्रिकोण. सगळी मुलं ४च्या जागी ३ करतात आणि ९०च्या जागी ६०, कारण समभुज त्रिकोणाचा कोन ६०, हे त्यांना पक्कं पाठ आहे. झेंडा दाबला की उघडा राहिलेला आकार येतो, षट्कोनाच्या तीन बाजू. इथे तोंडातून १२० बाहेर पडू देऊ नका. फरशीवर खडूने त्रिकोण काढा आणि एकाला त्यावरून चालायला सांगा. कोपऱ्यात तो किती वळतो? आतला कोन ६० असला तरी चालणारा माणूस बाहेरच्या बाजूने १२० वळतो. पूर्ण फेरी मारून तो जिथे होता तिथे, त्याच तोंडाने उभा राहतो, म्हणजे एकूण ३६० वळला. मग पंचकोनाला? ३६० भागिले ५. बाह्यकोनाचा जो नियम पुस्तकात दोन ओळींत येतो तो पायाखालून शिकला जातो. सेमूर पापर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६७ साली लोगो ही मुलांची प्रोग्रॅमिंग भाषा केली, तिच्यातलं रेघा ओढणारं कासव नेमकं याच कामाचं होतं; स्क्रॅचची मांजर त्याच घराण्यातली.

पुढे १४४ अंश आणि ५ वेळा, म्हणजे चांदणी. चौकोन काढून झाल्यावर १० अंश वळा आणि हे सगळं ३६ वेळा करा, म्हणजे रांगोळीसारखं गोल फूल. इथून पुढे मुलांना सोडून द्या. आकडे बदलत ती अर्धा तास स्वतः रमतात. तुम्ही फक्त 'हा आकडा का घेतलास?' विचारत फिरा.

संगणक पाच, मुलं चोवीस

दोघांची जोडी. एक माऊस धरणार, दुसरा सांगणार. माऊस धरणाऱ्याने स्वतःच्या मनाने काही करायचं नाही. दर दहा मिनिटांनी घंटा आणि अदलाबदल. घंटा नसेल तर होतं काय, की वर्गातली एक-दोन दांडगी मुलं तासभर माऊस सोडत नाहीत, मुली मागे उभ्या राहून बघतात आणि वर्षाअखेर आपण म्हणतो मुलींना यात गोडी नाही. पाच संगणकांवर दहा मुलं बसली की उरलेली चौदा कागदावर: पुढचा प्रोग्रॅम वहीत लिहिणं, दुसऱ्याचा लिहिलेला प्रोग्रॅम बोटाने वाचून काय होईल ते काढणं. अर्ध्या तासाने गट बदला आणि जे चौघे राहतील त्यांना पुढच्या शनिवारी पहिला नंबर. हा कागदाचा भाग दर तासाला तयार हवाच, कारण करंट गेला की सगळा वर्गच त्यावर येतो.

करंटचा विषय निघाला म्हणून: स्क्रॅच आपणहून फाईल जपत नाही. घंटा वाजली की आधी सेव्ह, मग अदलाबदल, अशी सवय लावा. फाईलला नाव देताना इयत्ता, हजेरी क्रमांक आणि प्रोग्रॅमचं नाव, एवढं पुरे.

मूल अडलं की

मुलाच्या हातातला माऊस घेऊ नका. मला विचाराल तर वर्षभरातला हा सगळ्यांत अवघड नियम आहे, कारण चूक आपल्याला दिसत असते आणि दोन सेकंदांत दुरुस्त होणार असते. हात मागे बांधून उभे राहा.

मुलांसाठी क्रम ठरवून द्या. आधी ठोकळे बोटाने एकेक करून मोठ्याने वाचायचे. निम्म्या चुका इथेच सापडतात, वाचता वाचता मूल मधेच गप्प होतं आणि 'हां!' म्हणतं. नाहीतर एकाच वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा झेंडा दाबायचा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काय झालं कळत नाही. मग शेजारच्या जोडीला विचारायचं. तुमच्याकडे येईल ते त्यानंतर, आणि आल्यावर तीन वाक्यांत सांगायचं: मला काय हवं होतं, काय झालं, मी काय करून बघितलं. हे सांगताना बरीच जण उत्तर घेऊनच परत जातात.

तुम्हालाही उत्तर माहीत नसेल तर तसं सांगा आणि पुढच्या शनिवारी काढू म्हणून फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. वर्गातला मान याने कमी होत नाही. खोटं ठोकून दिलं तर मात्र होतो, कारण संगणक लगेच उघडं पाडतो.

गावातलं काम प्रोग्रॅममध्ये

दिवाळीनंतर मुलांना स्वतःचं काही करायचं असतं. यूट्यूबवरचा गाड्यांचा खेळ उतरवून काढू म्हणणारी मुलं असतात. काढू द्या, पण त्यात दोन गोष्टी बदलून, कशा बदलल्या ते समजावून सांगायचं. खरी मजा घरातल्या हिशेबात आहे. निपाणी-चिकोडीकडे ऊस आणि तंबाखू, बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला रताळी, आणि जवळजवळ सगळीकडे डेअरीचं दूध. डेअरीची चिठ्ठी मुलांच्या घरी रोज येते, त्यावर लिटर, फॅट, दर आणि रक्कम असते. ती घेऊन यायला सांगा.

समजा ३.५ फॅटला लिटरमागे ३२ रुपये दर आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ फॅटला ५० पैसे जास्त. मांजर आधी लिटर विचारेल, मग फॅट. दर म्हणजे ३२ अधिक, फॅट उणे ३.५ गुणिले ५. वहीत इथे कंस लागतो. स्क्रॅचमध्ये वजाबाकीचा हिरवा ठोकळा गुणाकाराच्या ठोकळ्यात बसवायचा आणि तो बेरजेच्या. एकात एक बसलेले ठोकळे हेच कंस. ६ लिटर आणि ४.१ फॅट दिलं तर दर ३५, रक्कम २१० रुपये. आता खरा दरतक्ता डेअरीतून आणून त्याप्रमाणे आकडे बदलायचे आणि आपली रक्कम चिठ्ठीशी पडताळायची.

मग तपासणी, आणि हा भाग मुलांना सगळ्यांत आवडतो: दुसऱ्याचा प्रोग्रॅम पाडून दाखवा. फॅट ३.५ पेक्षा कमी दिलं तर? शून्य लिटर दिलं तर? लिटरच्या जागी 'सहा' असं अक्षरात टाइप केलं तर? स्क्रॅच तक्रार न करता त्याला शून्य समजतं आणि शेतकऱ्याच्या हातात शून्य रुपये येतात. मराठी कीबोर्ड चालू राहून देवनागरी अंकात ६ टाइप झाला तरी तेच. म्हणून उत्तर आकडा आहे का, हे तपासणारी अट घालावी लागते. ती घालायची कल्पना मुलांकडून येऊ द्या, बिल शून्य आलेलं बघून ती येतेच.

आकडा ओळखण्याचा खेळही याच सुमारास. 'गुपित' नावाच्या डब्यात (आकडा साठवायची जागा, स्क्रॅचमध्ये 'व्हेरिएबल') १ ते १०० मधला कोणताही एक आकडा टाका, उत्तर गुपिताएवढं होईपर्यंत विचारत राहा, जास्त असेल तर 'कमी कर' म्हणा, नाहीतर 'वाढव'. किती प्रश्न लागले ते मोजणारा दुसरा डबा. डब्यांची नावं मुलांनाच मराठीत ठेवू द्या, फक्त 'अ' आणि 'ब' नको. महिन्याने 'अ' म्हणजे काय ते त्यांनाही आठवत नाही.

पायथन केव्हा

आठवी-नववीच्या ज्या मुलांना स्क्रॅचमध्ये अट आणि पुनरावृत्ती न विचारता लावता येते त्यांनाच, आणि तेही जानेवारीच्या आत नको. टायपिंगचा वेग नसेल तर पायथन म्हणजे नुसती चुकांची यादी होते. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात तयार झालेला थॉनी हा पायथन लिहायचा मोफत प्रोग्रॅम घ्या, तो एकेक ओळ चालवून दाखवतो आणि प्रत्येक डब्यात काय आहे ते बाजूला मांडतो.

पहिला धडा बेरजेचा. दोन आकडे विचारायचे आणि बेरीज छापायची. ५ आणि ५ दिले की उत्तर येतं ५५. मुलं आधी हसतात, मग चिडतात. पायथनला विचारून मिळालेलं उत्तर अक्षरांच्या रूपात असतं, आणि अक्षरांची बेरीज म्हणजे एकापुढे एक ठेवणं. 'इंट' ही आज्ञा वापरून त्याचा आकडा केला की १० येतात. गंमत अशी की हे 'इंट' देवनागरी अंकही ओळखतं, ५० मराठीत टाइप केलं तरी चालतं. आणि 'सहा' टाइप केलं तर स्क्रॅचसारखं गप्प न बसता लाल अक्षरांत चूक दाखवून थांबतं. कोणतं वागणं बरं, यावर नववीच्या मुलांना वाद घालू द्या. आकडा ओळखण्याचा खेळ पायथनमध्ये पुन्हा लिहिला की वर्षाचं काम झालं.

पालक आणि क्लासवाले

पालक दोन गोष्टी विचारतील. मोबाईलचं वेड वाढणार नाही ना, आणि मार्कांचं काय. पहिल्याला शनिवारी खोलीत येऊन बसायचं आमंत्रण द्या, कागदावर चौकोन काढणारी मुलं बघून तो प्रश्न मिटतो. दुसऱ्याला सरळ सांगा की यात मार्क नाहीत. मात्र भूमितीचा आणि अपूर्णांकांचा सराव होतो, हे त्यांच्या मुलाच्या वहीतून दाखवा. सात-आठ वर्षांच्या मुलाकडून ॲप बनवून घेण्याची हमी देणाऱ्या महागड्या ऑनलाईन क्लासबद्दल कोणी सल्ला मागितला तर माझा सल्ला स्पष्ट आहे: पैसे घालवू नका. इतक्या लहान मुलांना स्क्रॅच ज्युनिअर टॅबलेटवर मोफत खेळता येतं, त्यात वाचायला शब्दही लागत नाहीत.

बेळगावात विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचं मुख्यालय आहे आणि इंजिनिअरिंगची मुलं गावोगावी आहेत. शाळेचे माजी विद्यार्थी त्यांत असतीलच, त्यांना जरूर बोलवा. येण्याआधी दोन अटी घाला: भाषण नाही आणि माऊसला हात नाही. नाहीतर सातवीच्या मुलांपुढे तासभर कृत्रिम बुद्धिमत्तेवर स्लाइड शो होतो आणि मुलं जांभया देतात.

मुलांची खाती ऑनलाईन उघडण्याची घाई करू नका. लहान मुलाच्या स्क्रॅच खात्यासाठी पालकांचा ईमेल मागितला जातो, आणि इंटरनेटशिवायच्या आवृत्तीला खातं लागतच नाही. पुढे कोणाचं काम ऑनलाईन ठेवलंच तर मुलाचं पूर्ण नाव, फोटो आणि शाळेचं नाव त्यात नको.

एप्रिलची सुट्टी लागण्याआधी

शेवटच्या शनिवारी प्रत्येक जोडी आपला प्रोग्रॅम दाखवते, शक्यतो पालकांसमोर, डेअरीचे सेक्रेटरी येत असतील तर त्यांच्यासमोरही. दाखवताना प्रोग्रॅममधली एक चूक आणि ती कशी सापडली, हे सांगणं सक्तीचं. गुण द्यायचेच असतील तर त्या सांगण्याला द्या.

नंतर सगळ्या फाईली दोन पेनड्राइव्हवर उतरवा, एक हेडमास्तरांकडे आणि एक तुमच्याकडे. वर्षभरात कोणत्या तासाला काय फसलं ते टिपणांच्या वहीत लिहून टाका. सातवीतून जाणाऱ्यांपैकी चार मुलं-मुली निवडा. हायस्कूल त्याच गावात असेल तर जूनमध्ये नव्या तुकडीच्या 'रोबो' तासाला आज्ञा कशा द्यायच्या ते तीच दाखवतील. संगणकांवरचं प्लॅस्टिक काढलंच आहे तर सुट्टीत त्याऐवजी सुती कापड घाला, पावसाळी दमट हवेत प्लॅस्टिकखाली घाम धरतो.